खंडेनवमीचं तेल

माझ्या फटफटीचा मागचा ब्रेक दाबला की ती अशी किंचाळायची, की वडगावातल्या आमच्या सगळ्या गल्लीला मी घरी आल्याचं कळायचं. दुसरं महायुद्ध संपल्यावर बेळगावच्या लष्करी कँपातून काढून टाकलेली ती जुनी गाडी मी घेतली होती. आमचं घर विणकरांचं. सूत रेशनच्या कार्डावर मिळायचं आणि तेही अपुरं, त्यामुळे घरातल्या दोन मागांपैकी एक बंद पडला होता. त्या मागावरचा माणूस म्हणजे मी. हात रिकामे राहिले की माझं डोकं तापतं. भावाच्या जिवावर बसून जेवायचं नाही, दुसरं काहीही करायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारवाल्याला खेडोपाडी फिरून तंबाखूचे नमुने आणणारा माणूस हवा होता. गाडी स्वतःची हवी आणि घाट नीट उतरता आला पाहिजे, एवढीच त्याची अट. आधीचा माणूस तवंदीच्या घाटात गाडीसकट पडून पाय मोडून घरी बसला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गाडीवरून ये, नाहीतर दुसऱ्याला ठेवतो, असं वखारवाल्याने मला बजावलं होतं.

अण्णा माझे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, मला अण्णांनीच वाढवलं आणि मागावर बसवलं. फटफटी त्यांना डोळ्यासमोर नको असायची. त्या भुतावर आपण जन्मात बसणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. पण खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पुजायचं आणि पुजण्याआधी त्याला तेल द्यायचं, हा आमच्यात घरच्या थोरल्याचा मान. त्या दिवशी अण्णांनी मागावर सूत नेणाऱ्या धोट्याला तेल दिलं, पायाखालच्या पावड्यांना दिलं, कात्रीला आणि वहिनींच्या विळीला दिलं. नट आवळायचे माझे पाने पुसून पूजेत मांडले. मग बाटली घेऊन ते गाडीकडे वळले. मी तेव्हा नारळ आणायला बाजारात गेलो होतो.

जे कुरकुरतं ते तहानलेलं असतं, हा अण्णांचा जन्माचा अनुभव, आणि मागाच्या बाबतीत तो सोळा आणे खरा होता. गाडीचं किंचाळणं मागच्या चाकाच्या मधल्या डबीतून येतं, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. तिच्या फटीतून त्यांनी शेंगतेल ओतलं, गाडी जरा पुढंमागं केली, परत ओतलं. वर हळदकुंकू लावलं आणि एक झेंडू ठेवला. त्या डबीत दोन अर्धगोल शू असतात. त्यांच्यावरच्या लायनरच्या पट्ट्या आतून डबीला, म्हणजे ड्रमला, घासतात, म्हणून गाडी थांबते. घासण्यावरच सगळा खेळ आहे. तिथं तेल म्हणजे संपलंच.

पूजेतली हत्यारं दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायची नसतात, त्यामुळे मला यातलं काही कळलं नाही. सकाळी पूजा उतरवली आणि मी गाडी अनगोळच्या रस्त्याला काढली. उतारावर ब्रेक दाबला. आवाज आला नाही आणि गाडीही थांबली नाही. पुढचा ब्रेक पहिल्यापासून नावालाच होता. एका गवताच्या गंजीत जाऊन घुसलो, म्हणून हातपाय शाबूत राहिले.

गाडी ढकलत घरी आलो. ड्रमच्या कडेने ओघळलेलं तेल दिसलं, बोटाला लावून वास घेतला आणि अंगाचा तिळपापड झाला. अण्णा दारात तोरण बांधत होते.

"तुमास्नी कुणी सांगितलतं हात घालाय?" मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोललो. "मागाबाहेरचं तुमास्नी काय कळतंय?"

ज्या माणसाने मला दोरा धरायला शिकवला, त्याला मी हे बोललो. अण्णा तोरणाची गाठ मारून आत गेले. मला लाज वाटली, पण माफी मागायलाही वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी निपाणी गाठायचीच होती.

चाक काढलं, शू बाहेर घेतले. पट्ट्या तेल पिऊन काळ्या झाल्या होत्या. पेट्रोल कुपनावर मिळायचं आणि टाकीत होतं ते निपाणीपेक्षा थोडंच जास्त होतं. त्यातलं वाटीभर काढून पट्ट्या धुतल्या. वरून सुकल्या, पण वाळत ठेवल्यावर आतलं तेल पुन्हा वर आलं. दोनदा असंच झालं. तेव्हा स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आल्या. साडीवर तेलाचा डाग पडला तर आपण काय करतो, असं त्यांनी मला विचारलं. खडूची भुकटी लावायची आणि ऊब द्यायची, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी स्वतःला शहाणा समजत होतो आणि मला ते सुचलं नव्हतं.

वहिनींनी सणाच्या दिवशी पोळ्यांचा तवा निखाऱ्यांवरून उतरवून मला दिला. घरात पुरण शिजून तयार, आणि तव्यावर ब्रेकचे शू. पट्ट्या गरम झाल्या की घाम फुटावा तसं तेल वर यायचं, त्यावर भुकटी दाबायची, पिवळी झाली की झटकायची. सात-आठ वेळा केल्यावर भुकटी पांढरीच राहिली. मग पॉलिशपेपरने पट्ट्यांची चकाकी काढली, ड्रम पुसून कोरडा केला. पुढच्या चाकालाही तेच केलं. संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले, तर माझे हात काळेकुट्ट. आपट्याची पानं मी मनगटानेच घेतली.

राहिलं ब्रेक जुळवणं. दोन्ही शू ड्रमला सारखे टेकले पाहिजेत. त्यासाठी आसाचा नट सैल करायचा, कुणीतरी ब्रेक दाबून धरायचा आणि तसाच नट आवळायचा. दुसरा माणूस हवा होता. मी हाक मारायच्या आत अण्णा येऊन उभे राहिले आणि ब्रेकवर पाय ठेवला. मी आवळलं. चाक फिरवून पाहिलं. मला बरं वाटलं, पण अण्णांनी कान खाली नेला आणि एका अंगाला घासतंय म्हणून सांगितलं. पुन्हा सैल, पुन्हा आवळ. चौथ्या वेळी त्यांनी मान हलवली. मी ब्रेकच्या सळईचा नट घट्ट पिळू लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"लई आवळू नगंस. ताणा तुटतो."

ते मागावरच्या उभ्या सुताचं बोलत होते, पण त्यांचं खरं होतं. फार आवळला तर ब्रेक सपाटीलाच तापून घाटात दगा देणार. मी नट थोडा मागे घेतला. तीस वर्षं पावड्या दाबलेला तो पाय, किती दाबल्यावर काय होतं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

सकाळी निघायला बाहेर आलो, तर अण्णा कोट-टोपी घालून गाडीपाशी उभे. "मी मागं बसतो," ते म्हणाले. "तेल मी घातलंय." मी समजावलं, वहिनींनी समजावलं. ते आधीच बसले होते.

वंटमुरीचा घाट ठीक गेला. संकेश्वरला थांबून अण्णांनी ड्रमला हात लावून पाहिला, कोमट होता. तवंदीच्या माथ्यावर मात्र मी गाडी थांबवली. इथून चालत या, मी खाली थांबतो, असं मी त्यांना विनवलं.

"उतरणार न्हाय. हाण गाडी."

पहिली दोन वळणं गेली. तिसऱ्या वळणावर तंबाखूच्या बोदांनी, म्हणजे मोठ्या गाठोड्यांनी, भरलेली एक बैलगाडी रस्त्यात आडवी झाली होती. मी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी पूर्वीसारखी किंचाळली, घाटभर ऐकू जाईल अशी, आणि बैलांच्या तोंडापासून दोन हातांवर थांबली. तो आवाज मला इतका गोड आधी कधी लागला नव्हता.

वखारीच्या दारात पुन्हा एकदा किंचाळूनच थांबलो. वखारवाला बाहेर आला आणि ब्रेक फार ओरडतो म्हणून नाक मुरडू लागला.

"वरडतोय म्हणून तर थांबतोय," अण्णा मागूनच म्हणाले.

वखारवाला हसला. उद्या कोगनोळीपासून सुरू कर, म्हणाला. काम मिळालं होतं. मी अण्णांना सांगायला वळलो, तर ते गाडीवरून उतरून एक पाय ओढत बाजूला जात होते. उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता. मागच्या पायदानाला ब्रेक नसतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी घाटाच्या प्रत्येक वळणावर त्यांनी तो दाबला होता.