आजीकडे आता जायचं नाही

मित्रहो, आज जेवणाच्या सुट्टीत एक फोन केला आणि होतं तेही घालवून बसलो.

आपल्या डोणगावात काही पोरं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे रोज संध्याकाळी जाऊन बसतात. औषध आणून देतात, ऑटोनं दवाखान्यात नेतात. मी इकडे सुरतच्या मिलमध्ये, म्हणून बाहेरगावी असणाऱ्यांकडून वर्गणी मागायचं काम माझ्याकडे.

आज पुण्यातल्या एका दादाला फोन लावला. त्याच्या आईकडेही आपली पोरं जातात. वाटलं, हा तर देईलच. गावच्या भंडाऱ्याची वर्गणी भोंग्यावर पुकारतात तेव्हा पहिलं नाव याचंच असतं.

"माही माय एकटी हाये असं कोण म्हणलं बे तुले?" दादा भडकलाच. "वर्गणी देऊन गावभर सांगू काय, का मी मायले पाहत नाही?"

तासाभरात त्याच्या आईचा, म्हणजे आजीचा, फोन आला.

"बाबू, पोरायले म्हण, आता येऊ नका. माह्या लेकाले राग येते."

म्हटलं, "आजी, मी फोन करत जाईन तुले."

"मले नको करू. तुह्या मायले कर. थे बी एकटीच बसून राह्यते."

मशीनचा आवाज येतो असं सांगून मी फोन ठेवला.

पोरांना कळवलं, उद्यापासून तिच्याकडे जाऊ नका. आता वर्गणीसाठी कोणाला फोन लावायची हिंमत होत नाही.

तुमच्यापैकी कोणाकोणाची माय गावात एकटी आहे? इथं खरं लिहाल काय?