ठेंगणीची सुई

तात्यांना कुणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच असायचं : "बघू." त्यामुळे गल्लीत त्यांचं नाव बघूतात्या पडलं आणि त्यावरही त्यांनी काही हरकत घेतली नाही. न्हाणीतला नळ गळायचा, त्याच्याखाली बादली ठेवलेली होती. पुढे बादलीच गळायला लागली, तेव्हा तिच्याखाली घमेलं आलं. फार काय, मुलगी पाहायला गेले होते तेव्हासुद्धा तात्या "बघू" असंच म्हणाले होते. वडिलांनी तो होकार धरून लग्न उरकून टाकलं. काकू सांगायच्या, "यांच्या आयुष्यात तेवढं एकच काम वेळेवर झालं, कारण ते यांच्यावर सोडलं नव्हतं."

माणूस आळशी मात्र नव्हता. पहाटे उठून धारा काढायच्या, शेण भरायचं, घरोघर दूध घालायचं, यात त्यांनी कधी खाडा केला नाही. फक्त दोन गोष्टींतली एक निवडणं त्यांना जमायचं नाही. जी निवडली नाही ती गोष्ट त्यांना लगेच बिचारी वाटायला लागायची.

बाळ्याचं प्रकरण झालं ते याच स्वभावापायी. बाळ्या म्हणजे गोऱ्हा. तो जन्मला त्याच दिवशी त्याची आई गेली आणि तात्यांनी त्याला बाटलीने दूध पाजून वाढवला. वेळ झाल्यावर त्याचं दूध तोडायला हवं होतं, ते तोडलं नाही. पुढे त्याला कालवडींतून काढून वेगळा बांधायला हवा होता, तेही केलं नाही. गुरांच्या डॉक्टरीणबाई लस टोचायला आल्या की दर वेळी बजावायच्या.

"तात्या, याला वेगळा करा."

"अहो डॉक्टर, दूध पितोय अजून. लेकरू आहे."

"लेकराला शिंगं आलीत."

"बघू."

काकूंनी एकदोनदा लेकराला कालवडींच्या पाठीवर चढताना पाहिलं. तात्या म्हणाले, खेळतोय. वर्ष उलटलेला, खांद्याच्या एका धक्क्यात गोठ्याचं दार पाडणारा तो गोऱ्हा सकाळ-संध्याकाळ बादलीभर दूध प्यायचा आणि तोंडाला फेस लावून तात्यांकडे इतक्या भोळेपणाने बघायचा, की त्याच्यावर संशय घेणं म्हणजे पापच.

कालवडी तीन होत्या. थोरल्या दोघी अंगाने भरलेल्या. तिसरी ठेंगणी. ती वयानेही लहान आणि चणीनेही, शिवाय एक नंबरची भित्री. तात्यांनी मानेला हात लावल्याशिवाय ती कुणापुढे उभी राहायची नाही. तिघींपैकी एकही माजावर येईना, तेव्हा काकूंनी नवऱ्याला न विचारता डॉक्टरीणबाईंना फोन केला.

डॉक्टरीणबाईंनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला आणि एकेकीला मागून हात घालून तपासलं. पहिली झाल्यावर हातमोजा झटकला. दुसरी झाल्यावर "हं" म्हणाल्या. ठेंगणीला तपासताना बराच वेळ भिंतीकडे बघत राहिल्या.

"तिन्ही गाभण," त्यांनी सांगितलं.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. "लेकरू," त्या म्हणाल्या.

थोरल्या दोघी निभावून नेणार होत्या. त्यांच्याकडे लक्ष ठेवा म्हणजे झालं, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. प्रश्न ठेंगणीचा होता.

"हिची कंबर बघा केवढीशी. वासरू पुऱ्या दिवसांचं झालं तर बाहेर येणार नाही. मग दोघांतलं एक जाईल, नाहीतर दोन्ही."

"मग काय करायचं?" तात्यांनी विचारलं.

"एक सुई टोचायची. तीन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात गाभडेल, पोटातलं पडून जाईल. पण तात्या, चार महिने होऊन गेलेत. पाच सरले की नुसत्या सुईने भागत नाही. आतासुद्धा वासरामागून पडणारी वार आत अडकू शकते. पुन्हा गाभण राहीलच, याची हमी मी देत नाही."

"टोचा," काकू म्हणाल्या.

"तात्या?"

तात्यांनी ठेंगणीकडे पाहिलं. ती मन लावून भिंत चाटत होती. "बघू," ते म्हणाले. "उद्या..."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "इतर वेळी तुम्ही बघू म्हणता तेव्हा नळ गळतो, बाकी काही होत नाही. इथं पोटातलं रोज वाढतंय. उद्या म्हणणं म्हणजे ठेवा म्हणणं. ठेवायचं असेल तर तसं तोंडाने सांगा, मी निघते."

तात्या वैरणीच्या ढिगावर बसले. पन्नाशी उलटेपर्यंत त्यांना कुणी असं कोंडीत पकडलं नव्हतं. काही न ठरवणं हीसुद्धा आपलीच करणी असते, हे त्यांना त्या ढिगावर बसल्या बसल्या कळलं आणि ते मुळीच आवडलं नाही.

"आतल्याला कळतं का हो?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तात्या उठले. ठेंगणीची मान त्यांनी काखेत धरली आणि डोळे मिटले. "टोचा."

माशी हाकलायला लागतो तेवढाच वेळ लागला.

"झालं?"

"झालं."

एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढा थोडा वेळ लागावा, हे तात्यांना पटलं नाही. ते बराच वेळ तसेच मान धरून उभे राहिले.

चौथ्या दिवशी दुपारी ठेंगणी गाभडली. अंगावर केस नसलेला, मऊ खुरांचा एवढासा जीव. डॉक्टरीणबाईंनी दिलेले हातमोजे घालून तात्यांनी तो धुतलेल्या गोणपाटात गुंडाळला आणि गोठ्यामागे खोल खड्डा खणून पुरला. कुत्र्यांनी उकरू नये एवढा खोल खणायचा होता, त्यांनी त्याच्या दुप्पट खणला. परत आले तर दुधाची वेळ झाली होती आणि बाप बादलीसाठी हंबरत होता.

त्या दिवशी बाळ्याचं दूध तुटलं. गोठ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आडव्या भिंतीपलीकडे, जाड साखळीने तात्यांनीच त्याला बांधला. बाळ्या रात्रंदिवस ओरडला. तात्या जेवताना रडले. काकूंनी त्यांना रडू दिलं आणि पानात भात वाढला.

वार अडकायची भीती होती, ती अडकलीच. ठेंगणीला ताप भरला. गोठ्यात वास मावेना. डॉक्टरीणबाई औषधं देऊन जायच्या आणि जाताना दर वेळी सांगायच्या, "ओढायची नाही, आपली आपण पडू द्या." ठेंगणीने वैरण सोडली, तेव्हा तात्या एकेक पान तिच्या ओठांशी धरून बसायचे. 'टोचा' हा शब्द आपल्याच तोंडून गेला, हे त्यांच्या मनातून जाईना. ही गेली तर आपणच मारली, असं त्यांनी काकूंना सरळ सांगितलं. काकू म्हणाल्या, "गेली तर दोघांनी मारली. आधी मी म्हणाले होते." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तात्यांना आपल्या बायकोबद्दल इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

ठेंगणी गेली नाही. आधी एक काडी चघळली, मग मूठभर वैरण, मग शेजारणीच्या वाट्याचीही. काही आठवड्यांनी ती माजावर आली. काकूंना घाई : भरवून टाकू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा माज जाऊ द्या, पुढचेही जाऊ द्या, आधी अंग भरू द्या. मग तात्या फितीने तिच्या छातीचा घेर मोजायला लागले. पोरीच्या परीक्षेचा निकाल सांगावा तसे गल्लीभर सांगत फिरायचे, बोटभर वाढली.

घेर पुरेसा झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी लहान वासरं देणाऱ्या वळूचं बीज आणून तिला भरवली. पहिल्या खेपेला ठेंगणी उलटली, गाभ राहिलाच नाही. पुन्हा माजावर आलेली पाहून तात्यांनी दिवसभर फितीला हात लावला नाही. हमी नाही म्हणाल्या होत्या, ती हीच, असं त्यांनी धरून घेतलं. दुसऱ्यांदा भरवली. पुढच्या माजाची वेळ आली आणि गेली. त्यानंतर आणखी काही आठवडे थांबून डॉक्टरीणबाईंनी हातमोजा चढवला, तात्यांनी मान धरली आणि सवयीने डोळे मिटले.

"राहिली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि या खेपेला कंबरही पेलेल."

काकूंनी पदराने डोळे पुसले. तात्यांनी मान सोडली नाही.

"डॉक्टर, ती सुई. कधीपर्यंत चालते म्हणालात?"

"पाच महिन्यांपर्यंत. का हो? आता तर वासरू हवंय ना?"

"हवंय. म्हणून तर विचारतोय." तात्या जरा घुटमळले. "पाच सरले की एकदा येऊन सांगून जाल का? मग टोचायची की ठेवायचं, हे मला कुणी विचारायचं राहणार नाही. तोवर काही झोप लागायची नाही."

डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. आणि पाच महिने सरल्यावर, त्या बाजूला दुसरं काहीही काम नसताना, खरंच येऊन सांगून गेल्या.