माझ्या वतीनं दिलेला नकार

उदारीकरणानंतर इंग्रजी दैनिकांना अर्थविषयक पान अचानक महत्त्वाचं वाटू लागलं. आमच्या दैनिकानंही ते रोज काढायचं ठरवलं. मी तिथं नऊ वर्षं उपसंपादक होते आणि बाजाराच्या बातम्या तोवर मीच पाहत होते. पानाचं प्रमुखपद कुणाला मिळणार, याबद्दल कार्यालयात कुणाला शंका नव्हती.

माझ्या सुटीच्या दिवशी संपादकांनी विद्यानगरच्या घरी फोन केला. मी भाजी आणायला गेले होते. फोन नवऱ्यानं घेतला.

त्याचं घराणं तीन पिढ्या हैदराबादेत, सरकारी नोकरीत. त्या घरात काहीही देऊ केलं, तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. जिलेबी असो की बढती, नियम एकच. त्यानं अदबीनं सांगितलं, "आप पूछे, वही बहुत है, साहब. उनसे कहाँ होता इत्ता काम." मग तो पुढच्या आग्रहाची वाट पाहत बसला. संपादक मद्रासकडचे. त्यांनी आभार मानून फोन ठेवला.

मला यातलं काहीच सांगितलं गेलं नाही. आठवड्यानं सूचनाफलकावर दुसऱ्याचं नाव लागलं. ताळेबंद कसा वाचायचा, हे त्याला मी शिकवलं होतं.

संध्याकाळी मी विचारलं, तेव्हा नवऱ्यानं सगळं सरळ सांगितलं. "अगं, पहिल्याच फोनला हो म्हटलं असतं तर आपण हावरट दिसलो असतो."

"आपण? पद कुणाचं होतं?"

हळू बोल, आई ऐकतेय, असं तो म्हणाला. मी त्याला तिथल्या तिथं फोन करायला लावलं. नकार माझा नव्हता, एवढंच सांगायचं होतं. त्यानं संपादकांच्या तब्येतीची चौकशी केली, नळाच्या पाण्याबद्दल बोलला, त्यांना जेवायला बोलावलं आणि रिसीव्हर ठेवला. असले विषय फोनवर काढणं त्याला बरं दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः संपादकांना गाठलं. नेमणूक आता फिरवता येणार नाही, असं ते म्हणाले.

"पण तुम्ही मला विचारलंच नाहीत," मी म्हणाले.

"तुमच्या मिस्टरांशी बोललो ना मी," ते म्हणाले. त्यात काही चुकलं, असं त्यांना खरोखरच वाटत नव्हतं.

पुढची पाच वर्षं मी त्या पानावर माझ्या कनिष्ठाच्या हाताखाली काम केलं. नवऱ्याला सगळे सज्जन म्हणतात आणि तो आहेही. माझा राग त्यामुळे कमी झालेला नाही. तो कमी करण्याचा माझा विचारही नाही.