अल्फी सिस्टर आणि मी

इतर घरांत मुलं मोठी होतात, आमच्या घरात किस्से मोठे होतात. कॉन्व्हेंट म्हणजे तरी काय? तिघी-चौघी बायका वर्षानुवर्षं एका छपराखाली राहतात, एकाच घंटेला उठतात आणि एकाच आमटीला नावं ठेवतात. पुण्याला रिट्रीटसाठी, म्हणजे मौन पाळून प्रार्थना करायच्या दिवसांसाठी, सगळ्या घरांतल्या सिस्टर जमल्या, की मौन सुटल्यावर आधी चहा येतो आणि मग किस्से. माझ्या वाट्याचे सगळे न्हावऱ्याकडचे. आणि त्या प्रत्येकात अल्फी आहेच. तिला वगळायचं म्हटलं असतं, तर किस्साच उरला नसता.

नव्वदच्या दशकात शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याजवळ आमचं छोटंसं घर होतं. सिस्टर बेनेडिक्टा आमच्या सुपिरियर, म्हणजे घरच्या प्रमुख, मूळच्या मंगळूरच्या, शिस्तीच्या. मी, सिस्टर सुनंदा, बालवाडी आणि शिवणवर्ग बघायचे. अल्फी नर्स, दवाखाना तिचा. मी नगर जिल्ह्यातली, जन्मापासून मराठी बोलणारी. ती केरळची. आली तेव्हा तिला 'बस' आणि 'दुखतं?' एवढंच मराठी येत होतं. वर्षाच्या आत गाव तिचं झालं. मी तिथं तिच्या कितीतरी आधीपासून होते. हे मुद्दाम सांगते, कारण तेव्हा कुणी विचारलं नाही.

* * *

अल्फीला मराठीतलं 'तुम्ही' कधी जमलंच नाही. पोर असो की पाटील, सगळ्यांना सरसकट 'तू'. गावात एक आप्पा होते, सोसायटीचे चेअरमन. त्यांचा शब्द खाली पडत नसे. ते ब्लडप्रेशर तपासायला आले की ही म्हणायची, "आप्पा, तू मीठ किती खातो?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी स्वतः आप्पांशी 'आपण' लावून बोलायचे.

शेवटी मी तिला बसवून शिकवलं. पुढच्या खेपेला तिनं घोकल्याप्रमाणे "आप्पा, तुम्ही बसा" म्हटलं. आप्पा बसले. जाताना माझ्याकडे बालवाडीत आले. अल्फी सिस्टर आपल्यावर रागावल्यात का, म्हणून विचारायला लागले. मी म्हटलं, तसं काही नाही, मीच त्यांना 'तुम्ही' म्हणायला शिकवलं.

"नका शिकवू," आप्पा म्हणाले. "आई गेल्यापास्नं मला तू म्हननारं कोन ऱ्हायलं न्हाई."

मग मला वाटलं, आपणही एकदा तू म्हणून बघावं. धीर झाला नाही.

* * *

दवाखान्यात बाळंतपणं व्हायची. अडलेली बाई अल्फीच्या हातानं सुटली आणि मुलगी झाली, की घरचे खुशाल तिचं नाव ठेवायचे. धनगरवाड्यात, मळ्यांवर, सगळीकडे अल्फ्या झाल्या. पुढं त्या सगळ्या माझ्या बालवाडीत आल्या. ज्या नावानं माझ्या पोटात दुखायचं, तेच मला सकाळपासून दुपारपर्यंत घ्यावं लागायचं.

पण त्यात एक सोय होती. "अल्फी, नाक पूस. अल्फी, किती बडबड करशील? अल्फी, स्वतःला काय समजतेस गं तू?" मी मोठ्यानं म्हणायचे. पोरींना तेवढी गरज नव्हती, पण मला बरं वाटायचं.

बालवाडी आणि दवाखाना यांच्यामध्ये एकच भिंत होती. एकदा मी अशीच भरात आले होते. पलीकडून शांत आवाज आला, "सॉरी सिस्टर. पेशंट बहिरा आहे, म्हणून मोठ्यानं बोलते."

* * *

आमच्यात वाढदिवसापेक्षा नावाचा सण मोठा. ज्या संताचं नाव, त्याच्या दिवशी त्या सिस्टरचं कौतुक. अल्फीचा सण जुलैत यायचा. त्या दिवशी गावातल्या बाया पुरणपोळ्यांचे डबे घेऊन यायच्या, अंगणात फुगड्या घालायच्या. सिस्टर बेनेडिक्टासुद्धा एक गिरकी घ्यायच्या.

माझी पंचाईत अशी की सुनंदा नावाची संत काही सापडेना. वडिलांनी शेजारणीचं नाव आवडलं म्हणून ठेवलेलं. सिस्टर बेनेडिक्टांनी तोडगा काढला. एक नोव्हेंबरला सगळ्या संतांचा मिळून सण असतो, तो तुझा. "एवढ्या गर्दीत एखादी सुनंदा असेलच," त्या म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी मृतांचा स्मरणदिन. त्यामुळे माझ्या सणाला आम्ही दरवर्षी दौंडच्या दफनभूमीत गवत उपटायला जायचो.

एका वर्षी मी खुरपं घेऊन बसले होते. सकाळपासून मला कुणी एका शब्दानं शुभेच्छा दिल्या नव्हत्या. अल्फी शेजारच्या थडग्याला टेकली, पिशवीतून कागदात बांधलेला बेसनाचा लाडू काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "हॅपी फीस्ट, सुनंदा." तिनं आदल्या दिवशी चोरून केला होता.

लाडू उत्तम झाला होता. त्याचाच जास्त राग आला.

* * *

वरवंडचा एक कांद्याचा व्यापारी होता. सायलेन्सरला पोटरी भाजली म्हणून अल्फीकडे ड्रेसिंगला यायचा. जखम भरली तरी येतच राहिला, कारण बीपी, कारण पाठ, कारण उगाच. एक दिवस त्याची बायको एसटीनं येऊन थडकली. आधी तिनं दाराआडून अल्फीला न्याहाळलं. डोळ्यांवर जाड चष्मा, घामेजलेली, कडेवर पेशंटचं रडणारं पोर. बाईचा जीव भांड्यात पडला. मग ती माझ्याजवळ येऊन टेकली आणि चौकशा करू लागली. तुम्हाला नवरा नाही? नाही. पोरंबाळं? नाही. सासू?

"सासू कुठली असायला?" मी म्हटलं.

तिनं एवढा मोठा सुस्कारा सोडला. आपल्या सासूनं काय काय छळ मांडलाय, ते सांगायला लागली. तुमच्यासारखं नशीब पाहिजे म्हणाली. मलाही क्षणभर आपण फार सुखात आहोत असं वाटलं. तेवढ्यात आतून सिस्टर बेनेडिक्टांचा आवाज आला. संडासातला दिवा कुणी चालू ठेवला, दूध कुणी उतू घालवलं, आणि गप्पा झाल्या असतील तर तांदूळ कोण निवडणार.

बाई उठली. माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"हाय की तुमाला बी," म्हणाली.

* * *

आमच्याकडे एक जुनी मोपेड होती. अल्फीला चालवता येत नसे. तेव्हा वडगाव रासाईकडच्या वस्त्यांवर जायचं असलं की मी ड्रायव्हर आणि ती मागं. धूळ मी खायची, खड्डे मी चुकवायचे आणि रामराम ती घ्यायची. ऊसतोड करणाऱ्या बाया कोयता वर करून "अल्फी सिस्टर" म्हणून हाक मारायच्या. मी एकदा त्यांना हात केला, तर त्यांनी मागं वळून बघितलं, मी कुणाला हात केला म्हणून.

एकदा उसाच्या ट्रॉलीला वाट देताना आम्ही गाडीसकट पाण्याच्या चारीत गेलो. माझ्या तोंडात चिखल, एक चप्पल कुठं गेली पत्ता नाही. शेतातली माणसं धावत आली. त्यांच्यातले एक म्हातारे मामा काठावर उभे राहून हुकूम सोडत होते. ते शब्द मी अजून विसरलेले नाही.

"आदी अल्फी सिस्टरास्नी धरा. मग गाडी उबी करा, पेट्रोल सांडतंय. आन् त्या दुसऱ्या बी हुत्या, त्या बगा कुटं हायेत."

* * *

मग अल्फीची बदली झाली, लांब ओडिशात. दौंड स्टेशनवर तिला सोडायला एवढी माणसं आली की फलाटावर उभं राहायला जागा नव्हती. आप्पा तर लहान पोरासारखे रडले. मी रडले नाही. गाडी हलली आणि मी मनात म्हटलं, चला, आता आपण.

नवी नर्स यायला वेळ होता. वस्तीवर ठकूआजी म्हणून एक म्हातारी होती. डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला तयार नाही, आणि साखरेमुळे पायाला चिघळलेली जखम. अल्फी तिचं ड्रेसिंग करायची. बघून बघून मलाही येत होतं, म्हणून सिस्टर बेनेडिक्टांनी मला पाठवलं. अंगणातच सून आडवी आली. अल्फी सिस्टर गेल्याचं म्हातारीला सांगितलेलं नाही, म्हणाली. दुसऱ्या कुणाला ती पायाला हात लावू देत नाही आणि जखमेला आता वास यायला लागलाय.

"तुमीच अल्फी सिस्टर व्हा," ती हात जोडून म्हणाली. "तिला काय दिसतंय?"

मी आत गेले. जीभ जड केली, मराठी मोडलं. "आजी, पाय दे. दुखते, थोडा दुखते." आजीनं पाय पुढं केला.

असं मी कितीतरी दिवस करत राहिले. एवढं शुद्ध मराठी येणारी मी, वाटेत मोपेडवर चुकीची वाक्यं पाठ करत जायचे. जखम हळूहळू सुकली. शेवटचं ड्रेसिंग झालं, मी डबा आवरला, तशी आजीनं माझा हात धरून ठेवला.

"अल्फे, एक सांगू का? राग मानू नगं," ती म्हणाली. "तुझा हात ग्वाड हाय, पन तुझं बोलनं मला एक अक्षर कळत न्हाई. ती तुमची सुनंदा हाय ना, तिचं बोलनं लई ग्वाड. तिला एकदा धाडून दे. दोन शब्द बोलंन म्हंते तिच्यासंगं."

दारात सून पदर तोंडाला लावून उभी होती. मी आजीकडे बघितलं. तिचे पांढुरके डोळे माझ्या तोंडावरच होते.

"सांगते तिला," मी म्हटलं. "पण ती फार बिझी असते."