पिल्लांवरची मरळ

बेलापूरला प्रवरेच्या बंधाऱ्यावर गळ टाकणारे आम्ही आठ-दहा जण, आणि हुकूमत अब्राहाम सरांची. शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांची मास्तरकी सुटली नव्हती. भिंतीवर त्यांनी स्वतः नियम रंगवले होते: माणशी दोनच मासे, वीतभराच्या आतला सोडून द्यायचा, आणि पिल्लांवरच्या मरळीला गळ लावायचा नाही.

पाण्यावर तांबूस पिल्लांचा घोळका दिसला की खाली मरळीची जोडी राखणीला असतेच. तिथं गळ टाकला की भूक नसली तरी ती रागानं झडप घालते. इतकी सोपी शिकार दुसरी नाही. मी एकदाच केली, तर सरांनी चारचौघांत माझी दोरी तोडली. "कल्याण, लाज वाटत नाही?" म्हणाले आणि वर्षभर बंदी घातली. त्याचा राग अजून थोडा माझ्या मनात आहे.

गेल्या आषाढात त्यांच्या पत्नीला, दयाकाकूंना, दवाखान्यातून घरी पाठवलं. पोटाचा कॅन्सर, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. अशक्त माणसाला आमच्याकडे मरळीचा रस्सा देतात. काकूंनी तोच मागितला. सरांनी बाजार पालथा घातला, तीन दिवस बंधाऱ्यावर बसले. नुसती चिलापी लागत होती. चौथ्या दिवशी त्यांनी घोळक्यावर गळ टाकला. मी बघितलं आणि तोंडावर आलेलं गिळून टाकलं.

संध्याकाळी भेटायला गेलो तर काकू उठून बसल्या होत्या. वाटीभर रस्सा पोटात टिकला होता.

"अहो, उद्याला आजून एक मिळंल का?"

सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. "मिळेल," म्हणाले.

जोडीतली उरलेली मरळ एकटीच राखणीला होती. सकाळी पहिल्याच फेकीला लागली. सरांनी ती ओल्या पोत्यात घातली, तोच पाणकावळे घोळक्यावर आले. सरांनी दगड उचलला. मग दुसरा. पाणकावळे उडायचे आणि परत यायचे.

"सर, चला. काकू वाट बघत असतील."

"जरा थांब रे. यांच्याजवळ कुणीतरी पाहिजे."

त्यांना तेव्हाच ओढून न्यायला हवं होतं. उलट मीही दगड मारत बसलो. दुपार कलली तेव्हा मारायचं कारणच उरलं नाही, घोळक्याच्या जागी नुसतं मोकळं पाणी होतं.

घराच्या दारात शेजारच्या नॅन्सीताई उभ्या होत्या. काकू बाराच्या सुमारास गेल्या होत्या.

"किती फोन लावले, सर. तुमचा घरातच वाजत हुता. सारखं इचारत हुत्या, आले का, आले का."

सरांच्या हातातल्या पोत्यात मरळ अजून हलत होती. हा मासा पाण्याबाहेरही तासन्‌तास जगतो. मी पोतं घ्यायला गेलो तर त्यांची मूठ उघडेना, एकेक बोट सोडवावं लागलं.

मी परत गेलो आणि तिला बंधाऱ्यात सोडलं. ती सरळ पिल्लांच्या जागेवर गेली आणि तिथंच फिरत राहिली. मला बघवेना.