तराजूवर हलकं, हातात जड

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी एनिड गॅरड चॅपलशेजारच्या शेतात बार्लीच्या धसकटांवरून मेटल डिटेक्टर फिरवत होती. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, मग एक पाऊल पुढे. सात वाजून अठरा मिनिटांनी ती थांबली. उजवा खांदा पेटला होता.

अडतीस मिनिटं. कालही साधारण तेवढीच झाली होती.

एनिडचं वय चौऱ्याहत्तर. गावातल्या बेकरीत तिने एकतीस वर्षं काढली आणि गेली एकोणीस वर्षं ती इंग्लंडमधल्या सफोकच्या या शेतांत जुन्या वस्तू शोधते आहे. वसंतात खांद्याचा स्नायू फाटला. डॉक्टर म्हणाले, फिरवायचंच असेल तर जुनं धूड सोडा, हलकं काहीतरी घ्या. दुकानदाराने ओळखीवर दोन यंत्रं वापरून बघायला दिली. बुधवारी त्यातलं एक परत करायचं होतं. एनिडने दोन्ही स्वयंपाकघरातल्या तराजूवर ठेवली. बेकरी बंद झाली तेव्हा तिने मागून घेतलेला हा पितळी तराजू. एक अकराशे ग्रॅम भरलं, दुसरं जवळजवळ सोळाशे. दुसरं तिने खोक्यातून पुन्हा बाहेर काढलंच नाही.

फाटकाशी जीप थांबली. शेताचा मालक ह्यू बॉरेट उतरला आणि आधी बादलीत डोकावला.

फाटकाला टांगलेली निळी बादली हाच दोघांमधला करार. शेतात सापडलेलं प्रत्येक लोखंड एनिड त्यात टाकते: खिळे, नालांचे तुकडे, अवजारांचे मोडलेले दात. बाकीचे हौशी लोक लोखंडाचा आवाज यंत्रात बंद करून टाकतात, कारण त्यांना नाणी हवी असतात. एनिड तो चालू ठेवते. ह्यूचे टायर वाचतात आणि एनिडला शेतात शिरायची परवानगी मिळते. कागद कधीच झाला नाही.

"काय एनिडबाई, दोन दिवसांत चारच खिळे?"

"मोजतोस का रे?"

"मी कशाला? टायर मोजतात."

"लहानपणी फुकटचे बन खाल्लेस माझ्याकडचे, तेव्हा कोण मोजत होतं?"

"आईसुद्धा हेच ऐकवते." ह्यूने टोपी मागे सारली. "शुक्रवारी पेरणीयंत्र येतंय. शेताची वरची पट्टी तशीच पडली आहे. गेल्या साली तिथेच टायर फाटला होता."

"होईल ती."

"होईल हो. पण स्टोमार्केट गावचा एक जण इथे शोधायची परवानगी विचारत होता. तरुण आहे. एका वेळी दोघांना शेतात घालत नाही मी, तुम्हाला ठाऊक आहे."

"त्याला लोखंड ऐकू येतं का, विचारलंस?"

ह्यू हसला. "पट्टीचं शुक्रवारपर्यंत बघू," म्हणाला आणि जीपमध्ये बसला.

दहा वाजता एनिड दोन्ही यंत्रं घेऊन क्लेम स्मायच्या दारात उभी राहिली. क्लेम एकोणऐंशीचा. शेतीची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला, आणि शोधणाऱ्यांच्या मंडळात त्याच्याहून जुनं कोणी उरलेलं नाही. त्याने चहा ठेवला आणि खांद्याची कथा ऐकून घेतली.

"वजन केलंस म्हणजे नक्की काय केलंस?"

"तराजूवर ठेवलं."

"पीठ आहे का ते?"

"अकराशे ग्रॅम म्हणजे अकराशे ग्रॅम, क्लेम."

"असं? भट्टीतून पाव काढायचं ते लांब दांड्याचं लाकडी फावडं होतं ना तुमच्याकडे? त्याच्या टोकावरचा पाव आणि हातातला पाव, सारखाच लागायचा?"

एकतीस वर्षं ते फावडं तिच्याच हातात होतं.

"बोट पुढे कर," क्लेम म्हणाला. हलक्या यंत्राची मूठ त्याने तिच्या बोटावर अडकवली. जमिनीवरून फिरवायची खालची चकती झपकन खाली गेली आणि टेबलाच्या पायावर आपटली. मग जड यंत्र. ते जवळजवळ आडवं राहिलं. त्याची बॅटरी मागे, कोपराखाली होती.

"पहिल्याचं नाक तू दिवसभर उचलून धरतेस," क्लेम म्हणाला. "दुसरं स्वतःचं स्वतः उचलतं."

"हे काल सांगितलं असतंस तर?"

"काल तू तराजूशी बोलत होतीस."

मग त्याने तिला अंगणात नेलं. खांदे सैल, पाठ सरळ. चकती जमिनीपासून दोन बोटं वर राहीपर्यंत त्याने जड यंत्राची दांडी लांब केली. एनिड सोमवारपासून वाकून चालत होती, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. शेवटी त्याने मोठी चकती काढून स्वतःकडची लहान, हलकी बसवली.

"लहान चकती जमीन कमी झाकते," एनिड कुरकुरली.

"अडतीस मिनिटांत किती झाकलीस?"

दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी ती वरच्या पट्टीत शिरली आणि चार पन्नासला बाहेर आली. मध्ये दहा मिनिटं थर्मासमधल्या चहासाठी थांबली होती. खांदा ठणकत होता, पेटलेला नव्हता. स्नायू फाटलेला आहे तो फाटलेलाच राहणार. त्यावर यंत्राचा इलाज नाही. सापडलेल्या वस्तूंच्या डबीत पितळेचं एक बटण होतं. बादलीत लोखंडाचे सतरा तुकडे पडले, त्यात वीतभर लांबीचा, टोक वर आलेला कुळवाचा दात.

ह्यू संध्याकाळी फाटक लावायला आला, तेव्हा एनिड बूट काढत होती. त्याने तो दात बादलीतून उचलून अंगठ्याने टोक चाचपलं.

"हा कुठे होता?"

"वरच्या पट्टीत. तुझ्या टायरची वाट बघत."

"मग स्टोमार्केटवाल्याला काय सांगू?"

"खिळे वेचायचे असतील तर ये म्हणावं."

"तो नाही यायचा," ह्यू म्हणाला आणि बादली जीपमध्ये रिकामी करून पुन्हा फाटकाला टांगली.

हलकं यंत्र खोक्यात गेलं. दुकान बुधवारी नऊ वाजता उघडतं. त्याआधी, सहा चाळीसला, एनिड वरच्या पट्टीच्या पूर्वेकडच्या टोकापासून सुरुवात करेल. तिथे अजून सहा ओळी बाकी आहेत, आणि पेरणीयंत्र शुक्रवारी आठला येणार आहे.