सीट हलवून पाहणारे चाचा

"घाई आहे काय सर? असंन तं उद्या जाऊ."

गाडी सुटायच्या वेळी चाचा हे म्हणायचे आणि खुशाल चाकाजवळ उकिडवे बसायचे. पान्याने टायर ठोकून आवाज ऐकायचे, एकेक नट ओढून पाहायचे. शेवटी आत चढून प्रत्येक सीट दोन्ही हातांनी गदागदा हलवायचे. अशा एखाद्या ड्रायव्हरमुळे तुम्हीही ताटकळला असाल, चिडला असाल. मी तर फार चिडायचो.

घाटंजीजवळच्या आमच्या शाळेची सहल दरवर्षी ते चालवत त्याच मिनीबसने निघे. ते दिवस कापसाच्या पडत्या भावाचे. नुसत्या सहलींवर गाडी मालकाला परवडेना. मागच्या सीटा काढून तो आठवडाभर कापूस वाहायचा आणि शनिवारी सीटा परत बसवायचा. गाडीखाली सायलेन्सरलाही कापूस चिकटलेला असे. चाचा जमिनीवर आडवे होऊन तो बोटांनी ओढून काढत. "हा पेटला तं सहल इथंच," एवढंच म्हणत.

घाट उतरला की गाडी थांबवून चाकाला हाताची मागची बाजू लावून पाहत. चाक तापलेलं असलं की अर्धा तास गेलाच. टेप लावू देत नसत. "गाणं पोट्ट्यायनं म्हणावं. मले इंजन ऐकू आलं पाह्यजे."

त्या वर्षी प्रथमच फक्त मुलींची सहल ठरली, आणि ती माझ्यावर होती. मी घरातला पहिला पदवीधर. शाळेत असताना एकाही सहलीला गेलो नव्हतो. म्हणून घरोघर जाऊन आईबापांच्या विनवण्या केल्या होत्या. सकाळी सातला मुली नवे फ्रॉक घालून, डबे घेऊन हजर होत्या. आणि मागची सीट चाचांच्या हातात वीतभर उचलून आली. बोल्ट नव्हते. तारेने बांधली होती.

"दहाले दुकान उघडू द्या. बोल्ट टाकतो, मंग निघू."

गाडी सोडायला आलेला मालक खवळला. "अबे चाचा, कापूस नेतानी तं सीटच नव्हती! तवा काई झालं काय?"

"कापूस सांडला तं भरता येते, शेठ."

हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं. "दहापर्यंत थांबायचं असेल तर सहल रद्द. मुलींना घरी पाठवा."

आज घरी गेलेली मुलगी पुन्हा कोणी पाठवणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "चाचा, आजचा दिवस चालवून घ्या ना."

त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "माह्या हातानं नाई होत, सर."

ती किल्ली मी मालकाला दिली. गाडी त्यानेच चालवली.

दिवसभर काही झालं नाही. मुली गात गेल्या, गात आल्या. संध्याकाळी चाचा शाळेच्या फाटकाशी उभे होते. उतरणारी एकेक मुलगी मोजत होते. "छत्तीस?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "छत्तीस." मग ते आत चढले आणि मागची सीट ओढली. तार एका बाजूने तुटलेली होती, दुसऱ्या बाजूने शेवटच्या पेडावर आली होती. त्या सीटवर चार मुली बसल्या होत्या.

"हेडमास्तरांना दाखवतो," मी म्हणालो.

त्यांनी तार गुंडाळून खिशात घातली. "नका सांगू. गावात गोष्ट गेली तं पुढच्या साली पोट्ट्यायले कोण पाठवंन?"

मालकाने त्यांना कामावरून काढलं. चाचा लोहारा गावच्या एका गॅरेजात लागले. मुलींची सहल मात्र बंद पडली नाही. हेडमास्तर अजूनही दर कार्यक्रमात ती गोष्ट रंगवून सांगतात, "आमचे बोल्टवाले चाचा! काय नाटक केलं होतं!" सगळे हसतात. मी खाली बघून चहा पितो. मला माझाच राग येतो.

त्या मुलींपैकी एक यंदा आमच्याच शाळेत बाई म्हणून आली. सहल आता तीच नेते. आता तरी तिला सांगू का, हे विचारायला मी लोहाऱ्याला गेलो. चाचा वारून चार महिने झाले होते.

गॅरेजात त्यांच्या जागी दुसरा माणूस एका ट्रॅक्स जीपचं चाक बसवत होता. एक नट सैल दिसला. मी बोट दाखवलं.

"राहू द्या सर," तो म्हणाला, "पार्टीले घाई आहे."